बाबांबरोबर जुन्या गोव्यात: तीन दिवस आणि एक सोनेरी कपाट

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका फोटोमुळे हा प्रवास घडला. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला देव्हारा हवा होता, 'गोव्याच्या चर्चमधल्या आल्तारासारखा', आणि सोबत त्यांनी सोन्याने मढलेल्या एका वेदीचा फोटो पाठवला होता. बाबांनी चष्मा वर-खाली करत तो पाहिला, दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला आणि फोन माझ्या हातात ठेवला. "फोटोत लाकूड खंय दिसता?" म्हणाले.

बाबा सुतार आहेत. सावंतवाडीत, चितार आळीपासून हाकेच्या अंतरावर दुकान. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, आता फक्त देव्हारे करतात, तेही मनाला आलं तर. गोवा आमच्यापासून दोन तासांवर, पण बाबा आजवर गेले ते म्हार्दोळला, मंगेशीला आणि एकदा म्हापशाच्या बाजारात. चर्चच्या आत कधीच नाही. मी पुण्याहून आठवडाभर घरी आलो होतो. म्हटलं, चला.

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळच्या बसने पणजी, तिथून दुसऱ्या बसने जुनं गोवं. अंतर दहाएक किलोमीटर. मांडवी डाव्या हाताला ठेवत रस्ता जातो. बाबा खिडकीशी होते आणि खारफुटीकडे बघत होते.

बॉम जेझू चर्चपाशी उतरलो तर बाबांची पहिली नजर दगडावर. "जांभोच मा?" जांभाच. आमच्या घराचे चिरे आणि या बॅसिलिकेचे चिरे एकाच जातीचे, फरक इतकाच की आमच्या घराला गिलावा आहे. इथेही होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज राजवटीतच तो खरवडून काढला, इमारत जुनी दिसावी म्हणून. आज लालसर उघडा दगड बघून सगळे 'किती प्राचीन!' म्हणतात, पण बांधणाऱ्यांनी ती तशी कधी पाहिलीच नव्हती. बाबांनी भिंतीला तळवा लावला. "गिलावो नसलो तर दगड पाणी पिता," म्हणाले. गोव्यात या गिलाव्यावरून गेली काही वर्षं वाद चालू आहे. बाबांनी तो अर्ध्या मिनिटात निकालात काढला.

दारात त्यांनी वहाणा काढल्या. "बाबा, इथे काढत नाहीत," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही काढल्या. पुढचे तीन दिवस आम्ही प्रत्येक चर्चमध्ये अनवाणीच होतो, वहाणा पिशवीत.

पायाभरणी १५९४, अभिषेक १६०५. संत फ्रान्सिस झेवियरचं शव इथे आहे, त्यामुळे गर्दीचा ओढा उजवीकडच्या त्या बाजूला. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी आहे तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोगिनी याने घडवलेला तो चौथरा १६९८ मध्ये गोव्यात बसवला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्यातल्याच कारागिरांनी सतराव्या शतकात केलेली. आम्ही रांगेतून पुढे सरकलो, वर पाहिलं, बाहेर आलो. बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांना समोरची मुख्य वेदी खुणावत होती.

ही वेदी जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत चढलेली सोन्याची भिंतच आहे. मधोमध जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा तीनेक मीटरचा पुतळा, नजर वर लागलेली, वर किरणांच्या चक्रात येशूच्या नावाची अक्षरं, आणखी वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ज्याच्या नावाने हे चर्च आहे तो बाळ येशू खाली, अगदी लहानसा. आणि खांब सगळे पिळाचे. रोममध्ये सेंट पीटरच्या वेदीवर शिल्पकार बर्निनीने १६३० च्या सुमारास पिळाचे प्रचंड खांब उभे केले, आणि पुढे असे खांब जगभरच्या चर्चमध्ये शिरले. बाबांना बर्निनीशी देणंघेणं नव्हतं. "ह्यो पीळ कांतून येणा नाय. पटाशीन काढूक व्हयो," एवढं म्हणून ते पाचेक मिनिटं एकाच खांबाकडे बघत उभे होते.

बारोक हा शब्द पोर्तुगीजमधल्या वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या शब्दावरून आला असं मानतात. मी ते बाबांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. वाकडेपणा त्यांना कुठे दिसलाच नव्हता, एकही वेल दुसऱ्या वेलीच्या वाटेत येत नाही म्हणाले.

उन्हं कलल्यावर रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. १५६२ ला सुरू झालं, १६१९ ला इमारत उभी राहिली, पण वेद्यांचं काम १६५२ पर्यंत चाललं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी बाजू आजही एका अंगाला थोटी. आत इतकं मोठं की बाबांचा आवाज आपोआप खाली आला. बाजूच्या एका प्रार्थनालयात लोक शांत बसले होते, कुणी फोटो काढत नव्हतं. तिथे एक लाल काचेचा दिवा जळत होता.

"दिवसाढवळ्या दिवो कित्याक?" बाबांनी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी जपमाळ न थांबवता हनुवटीने समोरच्या पेटीकडे खूण केली. "भितर देव आसा न्हय."

बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "नंदादीप."

रात्री पणजीत, मळा नावाच्या भागातल्या एका जुन्या घरात उतरलो होतो तिथे, मी त्यांना मला ठाऊक होतं ते सांगितलं. त्या पेटीला टॅबरनॅकल म्हणतात, कोंकणीत साक्रार. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तंबू. मोशेच्या वेळी वाळवंटात देवासाठी जो तंबू ठोकला होता, ज्याला मराठी बायबलात निवासमंडप म्हटलंय, तोच हा शब्द. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गव्हाच्या पातळ चकत्यांवर प्रार्थना होते, त्या ख्रिस्ताचं शरीर होतात ही कॅथलिकांची श्रद्धा, आणि उरलेल्या चकत्या या पेटीत कुलूपबंद राहतात, आजाऱ्यांना नेऊन द्यायला आणि भक्तांना समोर बसायला. पूर्वी युरोपात ती पेटी कुठेही असायची, भिंतीतल्या कोनाड्यात नाहीतर बाजूच्या खोलीत. प्रोटेस्टंटांनी प्रश्न उभे केले तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, १५४५ ते १५६३, ही श्रद्धा ठासून सांगितली आणि त्यानंतर पेटी मुख्य वेदीच्या मधोमध येऊन बसली. जुन्या गोव्यातली ही मोठी चर्चं नेमकी त्याच लाटेत आकाराला आली.

"म्हणजे आधी फडताळ होता, मगे देव्हारो झालो," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसरा दिवस, शनिवार

आजचा दिवस ठरवून एकाच चर्चसाठी ठेवला होता. असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च, से कॅथेड्रलच्या मागेच. बरेचसे पर्यटक इथपर्यंत येईतो दमलेले असतात, एक चक्कर मारून शेजारच्या पुरातत्त्व संग्रहालयात जातात किंवा थेट शहाळंवाल्याकडे. आम्हाला त्यामुळे जवळजवळ अख्खी सकाळ शांतपणे मिळाली.

फ्रान्सिस्कन, म्हणजे याच संताच्या पंथाचे साधू इथे १५१७ मध्ये आले. आजची इमारत १६६१ ची. जुनी पाडली तेव्हा तिचं दार तेवढं ठेवलं आणि ते नव्या भिंतीत बसवलं. बाकी दर्शनी भाग पांढरा, साधा, आणि मधेच हे काळ्या दगडाचं नक्षीदार दार, पोर्तुगालच्या मॅन्युएल राजाच्या काळातल्या धाटणीचं. बाबांना ही कल्पना भलतीच आवडली. आमच्याकडेही घर पाडलं तरी जुना दरवाजा टाकत नाहीत.

आत पायाखाली थडगी. कोरलेली मानचिन्हं, पोर्तुगीज नावं, झिजलेल्या कवट्या. बाबा अनवाणी पायांनी त्यांच्या कडेकडेने चालले, जसं कुणाच्या अंथरुणावर पाय पडू नये म्हणून चालतात. छतावर आणि कमानींवर फुलापानांची रंगवलेली नक्षी, वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग. रंग काळवंडलेत, पण चेहरे ओळखू येतात.

आणि समोर ते.

सोनेरी वेदीच्या मधल्या मोठ्या कोनाड्यात, वर क्रूसावरचा येशू आणि त्याच्याशी बिलगलेला फ्रान्सिस, दोघेही पूर्ण मापाचे. त्यांच्या पायाशी तीन व्रतं कोरलेली: गरिबी, नम्रता, आज्ञापालन. तेही सोन्याच्या भिंतीत. मी हसलो. बाबा हसले नाहीत, त्यांना लिहिलेलं वाचताच आलं नव्हतं, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "त्या साधूंका सोना नाय घालूचा होता, देवाक घालूचा होता." यावर आमचा जरा वाद झाला. मला अजूनही वाटतं की असिसीच्या त्या फाटक्या कफनीतल्या माणसाला हे दाखवलं असतं तर तो दारातूनच परत फिरला असता.

व्रतांच्या खाली टॅबरनॅकल. एवढ्याचसाठी आलो होतो. ते नुसतं वेदीवर ठेवलेलं नाही. चार पुरुष ते पेलून धरतात. हे चौघे शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे: मत्तय, मार्क, लूक, योहान. त्यांच्या भरवशावर ते अख्खं नक्षीदार बांधकाम उभं. कल्पना काय सुंदर आहे बघा. चौघांनी लिहून जे पुढे पोचवलं तेच इथे अक्षरशः त्यांच्या अंगावर ठेवलंय. पण बाबांना पालखी दिसली.

"चार भोयी," म्हणाले. "आणि चौघांका सारख्याच वजनाचा."

कठड्याच्या अलीकडे आम्ही उभे. पुढे जायला मनाई. बाबांना मागची बाजू बघायची होती. सुताराचं काम मागून कळतं, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं, पुढून सगळेच चांगले असतात. पहारेकऱ्याला त्यांनी मालवणीत विचारलं, त्याने कोंकणीत नकार दिला, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजलं. मग मी फोनचा कॅमेरा मोठा करून एकेक भाग दाखवत गेलो आणि बाबा वाचत गेले, जसं आपण पोथी वाचतो.

सागवान असणार, म्हणाले, इतकी बारीक पानं वेड्यावाकड्या रेषेच्या लाकडात निघत नाहीत. एका ओंडक्याचं नाही, तुकडे कोरून जोडलेत. एका आकृतीच्या दंडाखाली सोनं थोडं गेलं होतं आणि खाली तांबडं दिसत होतं. "गेरू," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच खूश झाले. मग कठड्याला टेकून त्यांनी मला अख्खी कृती सांगितली. लाकूड घासून सरस पाजायचा. मग खडूची भुकटी सरसात कालवून थरांवर थर द्यायचे, लाकडाची छिद्रं बुजेपर्यंत. त्यावर तांबडी माती, अगदी लोण्यासारखी वाटलेली. मग सोन्याचा वर्ख, श्वास रोखून, कारण फुंकरीने उडतो. आणि वाळला की अकीकाच्या गुळगुळीत खड्याने घोटायचा. खालची तांबडी माती सोन्याला ऊब देते, नाहीतर ते पितळेसारखं थंड दिसतं. पोर्तुगीजमध्ये या कामाला ताल्हा दौरादा म्हणतात, सोनेरी कोरीवकाम. बाबांनी स्वतः सोन्याचा वर्ख आयुष्यात दोनदाच लावलाय, पण लाखेच्या कामात हात घालून आलेला माणूस थरांचं गणित ओळखतो.

"कोणी केला असतला?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर एका नावात देता येत नाही. आराखडे, चित्रं युरोपातून यायची, हात इथले असायचे. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली, तिने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली याचा अर्थ उघड आहे. गोव्यातल्या कितीतरी चर्चमध्ये प्रवचनाच्या मंचाखाली नागकन्या कोरलेल्या सापडतात, कंबरेखाली सापाच्या शेपटीच्या. त्या काही लिस्बनहून आलेल्या नाहीत. ज्या राजवटीने देवळं पाडली तिच्याच चर्चमध्ये देवळांसाठी कोरणारे हात राबले. मला हे सांगताना अवघड वाटत होतं. बाबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पोट आसता रे. आणि हात गप ऱ्हवत नाय."

निघताना ते वळले. काहीतरी शोधत होते.

"हयसर दिवो खंय?"

पहारेकऱ्याने ऐकलं. "हांगा मीस जायना," तो म्हणाला. इथे आता नित्य उपासना होत नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले पुरुष साधूंचे मठ बंद केले, फ्रान्सिस्कन गेले, त्यांच्या मठात आज संग्रहालय आहे आणि चर्च पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. चार माणसं तीनशे वर्षं पालखी धरून उभी आहेत आणि पालखीत कुणी नाही.

संग्रहालय भराभर पाहिलं. व्हाइसरॉयांची तैलचित्रं ओळीने लावलेली, सगळे एकाच शिंप्याचे वाटतात. वीरगळांपाशी बाबा थोडे थांबले, ते त्यांच्या ओळखीचे.

जेवून, टेकाड चढून सांता मोनिकाला गेलो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा मठ, आता तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते आधी राशोलच्या सेमिनरीत होतं, २००२ मध्ये इथे आलं. राशोल म्हणजे जिथे फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते गाव. तिथे जायचं या खेपेला राहूनच गेलं.

इथली सर्वांत नावाजलेली वस्तूही टॅबरनॅकलच आहे, पण लाकडाची नव्हे, चांदीची. सतराव्या शतकातली, गोव्यात घडवलेली. एक गोल आणि पेलिकन पक्षी. पेलिकनची मादी स्वतःची छाती चोचीने फाडून पिलांना रक्त पाजते अशी युरोपातली जुनी समजूत, म्हणून तो पक्षी ख्रिस्ताचं प्रतीक झाला. एकाच वस्तूत दोन कामं साधलीत: चकती ठेवायची पेटी आणि लोकांना दाखवायचं पात्र. पिसं इतकी वेगवेगळी ठोकलीत की मोजावीशी वाटतात. मी भारावलो होतो. बाबांनी तिला एक फेरी घातली, कारण इथे निदान फेरी घालता येत होती, आणि मागच्या बाजूला जास्त वेळ उभे राहिले.

"मागसून पण तितक्याच निगुतीन केलाहा," एवढं प्रशस्तिपत्र मिळालं.

संध्याकाळी पणजीत पाव-भाजी खाल्ली. बाबांचे गुडघे बोलायला लागले होते.

तिसरा दिवस, रविवार

दुपारच्या बसने परतायचं होतं. सकाळी घरमालकीणबाई मिस्सेला निघाल्या, पलीकडच्या गावात, माहेरच्या चर्चला. बाबा म्हणाले, आम्ही येऊ? त्यांना आश्चर्य वाटलं, पण रिक्षात जागा केली.

छोटं गाव, शेताच्या कडेला पांढरं चर्च, अंगणात क्रूस आणि एक आंब्याचं झाड. पर्यटक कुणी नाही. आत वेदी सोनेरी होती, पण वर्ख नसावा, कधीतरी तैलरंग मारलेला, काही ठिकाणी चक्क पिवळा. दोन खांब पिळाचे, तिसऱ्याचा पीळ उलटा. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं, मला कोपराने ढोसलं. मधोमध हातभर उंचीचं टॅबरनॅकल, घुमट असलेलं, समोर छोटं दार. बाजूला लाल दिवा.

मालकीणबाईंनी हळूच सांगितलं की पूर्वी फादर त्या जुन्या वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून मिस्सा म्हणायचे. १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर पुढे नवीन मेज आलं आणि फादर लोकांकडे वळले. जुनी वेदी मागे राहिली, पण पेटी तिथेच.

मिस्सा कोंकणीत. गाणी गिटारवर. बाबांना अर्धंअधिक समजत होतं, आणि प्रवचनात शेतीचा विषय निघाला तेव्हा ते मान डोलावत होते. प्रसादाची वेळ आली तशी एक फादर मागे गेले, गुडघा टेकला, किल्ली फिरवली. दार उघडलं. बाबा बाकावर पुढे सरकले.

आत काय होतं ते आम्हाला दिसलं नाही, फादरांची पाठ आड आली. दिसलं ते दार. ते उघडताना कुरकुरलं नाही, आणि उघडल्यावर बिजागरी कुठे दिसेना. फादरांनी झाकणाचं पात्र बाहेर घेतलं, लोक रांगेने पुढे गेले. आम्ही बसून राहिलो, आमच्यासाठी तो प्रसाद नव्हता. शेवटी पात्र परत आत गेलं, किल्ली फिरली, पुन्हा गुडघा टेकला.

लोक बाहेर पडल्यावर बाबांनी फादरांना गाठलं. मी लाजून मागे. बाबा सुतार आहेत हे कळल्यावर फादरांचा चेहरा खुलला, उलट्या पिळाबद्दल त्यांनाही माहीत होतं. वाळवीने एक खांब खाल्ला म्हणून आजोबांच्या काळात गावच्याच सुताराने नवा करून दिला, असं म्हणाले. बाबांनी त्या खांबावरून हात फिरवला. पेटीला हात लावू का, असं मात्र त्यांनी विचारलं नाही. फक्त बाजूने वाकून पाहिलं, लाल उजेडात, हात पाठीमागे बांधून.

दुपारची बस. पत्रादेवी ओलांडेपर्यंत बाबा झोपले आहेत असं मला वाटत होतं. बांद्याला फोनला रेंज आली आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाचा मेसेज वाजला. देव्हाऱ्याला सोनेरी रंग कुठला लावणार, अँटिक गोल्ड की ब्राइट गोल्ड? सोबत दोन नमुने.

मी तो मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"रंगाचा मागसून बघया म्हणून सांग," म्हणाले. "आणि लिवन घे. दार नऊ इंच बाय सात. बिजागरी भितरसून."